रक्तातलं की रानातलं?

कंपवातावर, म्हणजे पार्किन्सन्सवर, मी वाचतो-टिपणं काढतो हे कळल्यापासून कागलात लोक मला दोनच प्रश्न विचारतात. ‘पोरांनाबी हुईल का?’ आणि ‘रानात औषध मारून झालं का हे?’ पिकावरच्या विषाला आपण औषधच म्हणतो. हे दोन्ही प्रश्न पेशीतल्या एकाच जागेशी येऊन भिडतात.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी यात मरत जातात. त्या कशामुळे मरू शकतात, याचा एक धागा १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. चोरून बनवलेल्या नशेच्या पदार्थात एमपीटीपी हे रसायन उतरलं होतं. तो टोचून घेणारी काही तरुण माणसं थोड्याच दिवसांत जुनाट कंपवाताच्या रुग्णांसारखी ताठरली. या रसायनाचं शरीरात जे रूप होतं, ते त्या पेशींत शिरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका बंद पाडतं. त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे.

१९९८ मध्ये जपानी संशोधकांना ‘पार्किन’ जनुक सापडलं. त्याचं एक काम बिघडलेल्या तंतुकणिका काढून टाकण्याचं. आई आणि वडील दोघांकडूनही ते सदोष आलं, तर आजार बहुधा चाळिशीच्या आतच गाठतो. मामाच्या मुलीशी सोयरीक करणाऱ्या आपल्या भागानं हे ध्यानात ठेवावं. म्हणजे विष जिथे घाव घालतं, तिथलीच डागडुजी जनुकाकडे आहे.

अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांच्या २०११ मधल्या अभ्यासात पॅराक्वाट वापरणाऱ्यांत आजाराचा धोका अडीचपट दिसला. पुढच्याच वर्षी त्यातली फोड कळली. विषाचा निचरा करणारं जीएसटीटी-१ जनुक काहींच्यात जन्मतःच नसतं. ते असलेल्या पुरुषांत धोका दीडपट, नसलेल्यांत अकरापट. रुग्ण थोडे होते, म्हणून हा पुरावा अंतिम नव्हे. पण एकच पंप पाठीवर असलेल्या दोन भावांपैकी एकालाच आजार का होतो, याचं एक उत्तर त्यात आहे.

घाईनं निष्कर्ष काढू नये, हे मात्र मुंबईतल्या पाहणीनं शिकवलं. पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४,०१० लोकांत ४६ रुग्ण आढळले. आपसांतली लग्नं, हे कारण लगेच सुचतं. पण त्या समाजात वृद्धांचं प्रमाणच मोठं, आणि या आजारात वयाइतका मोठा धोका दुसरा नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरा रुग्ण नसतो, पोरांनी धास्ती घेऊ नये. दुसऱ्याला: एकट्या औषधानं झालं असं म्हणता येत नाही, पण हातमोजे, तोंडाला फडकं नव्हे तर नीट मास्क, आणि फवारणीचे कपडे वेगळे धुणं आजपासून सुरू करा. युरोपीय संघात २००७ पासून पॅराक्वाट बंद आहे. आपल्या उसाच्या पट्ट्यानं निदान कोणतं औषध किती वर्षं मारलं, याची घरोघरी वही ठेवावी. उद्या एखाद्या डॉक्टरला तीच पहिली लागेल.