आफ्रिकेच्या दारीं कोरिया

इ. स. १९९१ च्या जानेवारींत सोमालियाची राजधानी मोगादिशू येथें यादवी माजली, तेव्हां उत्तर व दक्षिण कोरियाचे राजदूत आपापल्या मुलांमाणसांसह एकत्रच मोटारींतून इटालियन वकिलातीच्या आश्रयास धांवले. वाटेंत उत्तरेकडील एकास गोळी लागून मृत्यु आला. बाकीचे इटालियन विमानानें केनियांतील मोंबासा येथें पोंचले. अशीं हाडवैरी राज्यें त्या दूरच्या शहरांत वकिलाती थाटून बसलीं होतीं तरी कशासाठीं?

मतांसाठीं. १९६० या एकाच वर्षीं आफ्रिकेंतील सतरा देश स्वतंत्र झाले, आणि लहानमोठ्या प्रत्येकास संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेंत एकेक मत मिळालें. दोन्ही कोरिया सभेबाहेर. त्यांचा वाद मात्र सभेपुढें वारंवार येई. १९७५ सालीं तर सभेनें एकाच दिवशीं दोन्ही पक्षांचे परस्परविरुद्ध ठराव संमत केले! मग आफ्रिकी राजधान्यांत अहमहमिका न लागती तरच नवल. उत्तरेनें तेथें पुतळे व स्मारकें उभारून देण्याचें काम आरंभिलें, तें पुढेंही चाललें; सेनेगालमधील डकार येथील २०१० सालचा प्रचंड पुतळा तिच्याच कारागिरांचा. सप्टेंबर १९९१ मध्यें दोघांसही राष्ट्रसंघांत प्रवेश मिळाला आणि त्या चढाओढींतला जीव गेला.

या हिशेबांत न बसणारें प्रकरण इथिओपियाचें. १९३५ सालीं मुसोलिनीनें त्या देशावर स्वारी केली. बादशहा हेले सेलासी यानें पुढच्या वर्षीं जिनिव्हास जाऊन दाद मागितली. ती कोणीं घेतली नाहीं. हें शल्य ज्याच्या मनांत होतें, त्या बादशहानें १९५१ सालीं दक्षिण कोरियाच्या रक्षणार्थ आपली पलटण धाडली. पाळीपाळीनें सहा हजारांवर शिपाई तेथें गेले. शंभराहून अधिक परतले नाहींत.

आतां मतांची जागा खनिजांनीं घेतली आहे. जून २०२४ मध्यें दक्षिण कोरियानें पहिली कोरिया-आफ्रिका शिखरपरिषद भरविली. ४८ देशांचे प्रतिनिधि आले. २०३० पर्यंत साहाय्य १० अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचें आणि निर्यातीसाठीं १४ अब्जांचें अर्थसाह्य देण्याचें आश्वासन यजमानांनीं दिलें. या औदार्याचें कारण गूढ नाहीं. विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट लागतो. तो मुख्यतः कांगोंत निघतो, पण शुद्ध होतो बहुतेक चीनमध्यें; एकाच शेजाऱ्याच्या मर्जीवर कारखाने चालविणें कोरियास धोक्याचें वाटतें.

देवघेवीचें स्वरूप पाहावयाचें तर मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पाहावें. तेथें समुद्रांतील वायु द्रवरूप करणारा एक तरंगता कारखाना उभा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें त्यांतून पहिला माल परदेशीं गेला. वायु मोझांबिकचा, कारखाना मात्र कोरियाच्या कोजे बेटावरील गोदींत बांधलेला. बांधणीची मजुरी आणि तें करतां करतां आलेलें कसब, दोन्ही कोजेसच राहिलीं. कच्चें द्यावें व पक्कें विकत घ्यावें ही जुनी रीत आफ्रिकी सरकारांस आतां बोंचूं लागली आहे. डिसेंबर २०२२ मध्यें झिंबाब्वेनें कच्च्या लिथियमची निर्यात बंद केली, आणि दुसऱ्याच वर्षीं नामिबियानेंही तोच हुकूम काढला.