भुशावर तापणारे गाव

हिवाळ्याच्या रात्री पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो, तिथे घर उबदार ठेवणे ही चैन नसते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलपासून शेकडो किलोमीटर उत्तरेला जंगलात असलेले उजे-बुगुमू हे असेच एक गाव. इथल्या क्री आदिवासींना विसाव्या शतकात खाणींपायी पुन्हा पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. १९८९ मध्ये प्रांत सरकारशी आणि १९९२ मध्ये केंद्र सरकारशी करार झाला आणि ओपेमिस्का सरोवराकाठी त्यांचे हक्काचे गाव उभे राहिले. गाव कोऱ्या जमिनीवर वसवायचे असल्याने पाण्याच्या नळांसोबत उष्णतेचे नळही पुरता आले.

इंधन आहे लाकडाचा भुसा. जवळच्या शापे गावात मोठी सॉ मिल आहे. अशा गिरण्यांना भुशाचे ढीग ही डोकेदुखीच असते. ते कुजतात, कधी आतून तापून पेटतात. हा भुसा ट्रकने उजे-बुगुमूत येतो आणि एका सामायिक बॉयलरमध्ये जळतो. तापलेले पाणी जाड आवरणाच्या नळांतून घरोघरी जाते. मात्र ते घरातल्या पाण्यात मिसळत नाही. गरम दुधाचे पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवले की दूध निवते आणि परातीतले पाणी कोमट होते, तशीच इथे फक्त उष्णतेची देवाणघेवाण होते. निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते.

आरोग्याच्या दृष्टीने मुद्दा असा, की घरात जाळच नाही. थंडीत दारेखिडक्या घट्ट बंद असताना लाकडाची शेगडी पेटवली, तर धुराचे सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड आतच कोंडू शकतात. चुलीच्या धुराचा त्रास आपल्याकडच्या बायकांना वेगळा सांगायला नको. ओल्या भुशाच्या वजनात निम्मे पाणीही असू शकते, त्यामुळे तो नीट जळायला मोठी, खूप तापलेली भट्टी आणि मोजून सोडलेली हवा लागते. घरगुती शेगडीला हे जमत नाही. शिवाय एकाच धुराड्याच्या धुरातली राख गाळणे शेकडो धुराड्यांपेक्षा सोपे.

उष्णतेची आकारणी गावच करते, त्यामुळे बाहेरच्या तेलासाठी जाणारा पैसा बराचसा गावात राहतो. पिढ्यान्‌पिढ्या हुसकावल्या गेलेल्या लोकांना याचे मोल अधिक वाटले असणार. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या ५० आदर्श वस्त्यांत या गावाची निवड केली.

तरीही ही योजना उचलून कुठेही ठेवता येणार नाही. घरे विखुरलेली असतील तर बरीच उष्णता नळांतच वाया जाते. भुसा जळला की कार्बन डायऑक्साइड निघतोच. तो टाकाऊ आहे तोवरच हिशेब जुळतो, त्यासाठी उभी झाडे तोडली तर नाही. आणि बांधकामे मंदावली की लाकडाची मागणी घटते, सॉ मिल थंडावते आणि भुसाही आटतो. अशा वेळेसाठी बॉयलरघरात तेलावर चालणारी पर्यायी सोय ठेवावी लागते.