अंतराळात न जाताही यशस्वी होता येतं?

१९ मे २०२४. ब्लू ओरिजिनच्या ‘न्यू शेपर्ड’ रॉकेटमधून सहा जण अंतराळात जाऊन आले. त्यातले गोपी थोटाकुरा पहिले भारतीय अंतराळ पर्यटक ठरले. सोबत होते ९० वर्षांचे एड ड्वाइट.

ड्वाइट कोण?
अमेरिकी हवाई दलाचे वैमानिक. १९६०च्या दशकात अंतराळवीर होण्यासाठी प्रशिक्षण घेणारे पहिले कृष्णवर्णीय उमेदवार. पण नासाने त्यांची निवड केली नाही. पुढे ते शिल्पकार झाले आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरची शंभरहून जास्त स्मारकशिल्पं घडवली.

ही सहल कशी असते?
साधारण १० मिनिटांची. यान १०० किलोमीटरच्या वर जातं, काही मिनिटं तरंगता येतं आणि पॅराशूटने परत.

सामान्यांना परवडेल?
इतक्यात नाही. व्हर्जिन गॅलॅक्टिकने २०२१मध्ये तिकीट साडेचार लाख डॉलर ठेवलं होतं. रॉकेट पुन्हा वापरता येतं, पण एका फेरीत सीट्स मोजक्याच. ड्वाइट यांचा खर्चही सेवाभावी संस्थांनी उचलला. आधी निवड समिती अडवायची, आता बँक बॅलन्स अडवतो.

मग यश कशाला म्हणायचं?
ड्वाइट यांना ती १० मिनिटं साठ वर्षं उशिरा मिळाली. तोवर त्यांनी आयुष्य थांबवून ठेवलं नव्हतं. तुमची व्याख्या काय?