नदीची पातळी आणि विम्याचा हप्ता

सांगलीजवळच्या हरिपूरला कृष्णा आणि वारणा या नद्यांचा संगम आहे. या गावाच्या मातीत खोल खणलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट मोठे. ते तोंड एकदा बंद केले की आत हवा शिरत नसे, कीड लागत नसे आणि काही वर्षांनी उघडले तरी माल चांगला निघे. सांगलीची पेठ हळदीसाठी देशभर नावाजली, त्यात या पेवांचाही वाटा होता. नदी हाकेच्या अंतरावर असूनही व्यापारी निर्धास्त असत. कारण पाणी कुठवर चढते, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होते. २००५ च्या महापुराने तो अनुभव खोटा ठरवला. पेवांत पाणी शिरले आणि शेकडो वर्षांची ही साठवण-पद्धत मोडकळीला आली.

आज पेवाची जागा गोदामाने आणि शीतगृहाने घेतली आहे, तर मातीवरच्या भरवशाची जागा विमा पॉलिसीने. परंतु विमाही अखेर त्याच समजुतीवर उभा असतो: उद्याचे पाणी कालच्या पाण्यासारखेच वागेल. हवामान बदल नेमका याच समजुतीला तडा देत आहे. त्यामुळे दुकान, गोदाम आणि घर यांच्या विम्याचा प्रश्न आता केवळ कागदपत्रांचा राहिलेला नाही. तो पेढीच्या भवितव्याचा झाला आहे.

बदललेला पाऊस

हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे वारे अधिक बाष्प आणतात आणि अनुकूल स्थिती मिळताच ते थोड्या वेळात रिते करतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या.

महाराष्ट्राने त्याचे रूप जवळून पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी असताना पंचगंगा ५५ फुटांपलीकडे गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वर परिसरात एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. घाटमाथ्याच्या एका बाजूला कृष्णा पुन्हा धोक्याच्या पातळीवर गेली, तर दुसऱ्या बाजूला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांनी चिपळूणची बाजारपेठ बुडवली.

प्रत्येक पुराचे खापर केवळ हवामानावर फोडणे योग्य नाही. नदीपात्रातील अतिक्रमणे, बुजलेले ओढे-नाले, भराव घालून उभारलेले रस्ते आणि धरणांतील विसर्गाचे नियोजन यांचाही त्यात हिस्सा असतो. तथापि विमा कंपनीच्या दृष्टीने कारणापेक्षा वारंवारिता महत्त्वाची. २००५ नंतर पुढचा महापूर चौदा वर्षांनी आला आणि त्यापुढचा अवघ्या दोन वर्षांनी. हप्त्याचे गणित बदलायला एवढे पुरेसे असते.

आग एका दुकानाला, पूर साऱ्या पेठेला

विम्याचे मूळ तत्त्व साधे आहे. हजार दुकानदारांनी थोडी थोडी रक्कम एकत्र ठेवायची आणि त्यांतील ज्या चार-दोघांवर आपत्ती येईल त्यांना त्यातून सावरायचे. आगीच्या बाबतीत हे तत्त्व उत्तम चालते, कारण एका वर्षात हजारही दुकाने जळत नाहीत. पूर मात्र निवड करत नाही. तो एकाच रात्री सराफाच्या, कापडवाल्याच्या आणि किराणा दुकानदाराच्या उंबऱ्यात येतो. ज्यांनी एकमेकांना आधार द्यायचा, तेच सारे एकाच वेळी आधार मागू लागतात.

म्हणूनच विमा कंपन्या स्वतःचाही विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात. भारतात जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन, तर जगात म्युनिक री, स्विस री यांसारख्या कंपन्या हे काम करतात. त्यांच्या वहीत सांगलीचा पूर, फ्लोरिडाचे वादळ आणि ऑस्ट्रेलियातील अतिवृष्टी एकाच पानावर येतात. म्युनिक रीने १९७३ मध्येच पुरावरील आपल्या प्रकाशनात वातावरण तापण्याच्या धोक्याकडे लक्ष वेधले होते. स्विस रीच्या आकडेवारीनुसार नैसर्गिक आपत्तींमुळे जगभरातील विमा कंपन्यांवर आलेला भार २०२४ मध्ये सलग पाचव्या वर्षी १०० अब्ज डॉलरपेक्षा अधिक होता. हे करार बहुधा वर्षावर्षाने होतात. त्यामुळे दूरदेशीच्या आपत्तीचा चटका येथल्या नूतनीकरणाच्या हप्त्यालाही बसू शकतो.

जिथे विमाच मिळेनासा झाला

ही प्रक्रिया पुढे कुठवर जाते, हे अमेरिकेत दिसते. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडाला झोडपले, तेव्हा अनेक विमा कंपन्या बुडाल्या. पुढे खासगी कंपन्या हात आखडता घेऊ लागल्या आणि २००२ मध्ये राज्याला ‘सिटिझन्स’ ही स्वतःची विमा संस्था उभारावी लागली. कॅलिफोर्नियात वणव्यांचा धोका, बांधकामाचा वाढता खर्च आणि पुनर्विम्याची महागाई ही कारणे देऊन ‘स्टेट फार्म’ या मोठ्या कंपनीने मे २०२३ मध्ये नव्या घरांचे विमे घेणे थांबवले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात भीषण वणवे पेटले, तेव्हा अनेक कुटुंबांकडे केवळ राज्याच्या अखेरच्या पर्यायी योजनेचे मर्यादित संरक्षण होते.

ब्रिटनने निराळा मार्ग काढला. एप्रिल २०१६ पासून तेथे ‘फ्लड री’ ही योजना सुरू आहे. साऱ्या घरविमा कंपन्यांकडून निधी गोळा करून पूरप्रवण घरांचा हप्ता आवाक्यात ठेवला जातो. ही योजना २०३९ पर्यंतच आहे. तोवर घरे आणि गावे पुराला तोंड देण्याजोगी करावीत, ही अपेक्षा. १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना ती लागू नाही, कारण धोका ठाऊक असताना नदीकाठी बांधणाऱ्याचा भार इतरांनी का उचलावा, असा तिचा रोखठोक विचार आहे. व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढची आहे: दुकाने आणि व्यवसाय या योजनेत नाहीत. घराला आसरा मिळाला, पेढीला नाही.

आपल्याकडची स्थिती

भारतात कंपन्यांनी एखाद्या शहरातून अंग काढून घेतल्याचे चित्र नाही. येथे आगविम्याचे दर २००७ पासून खुले झाले आणि स्पर्धेमुळे ते बरीच वर्षे खाली राहिले. २०१९–२० च्या सुमारास राष्ट्रीय पुनर्विमा कंपनीने अनेक व्यवसायांसाठी किमान दराचा आग्रह धरला आणि हप्ते एकदम चढले. पुढे स्पर्धेने ते पुन्हा उतरलेही. या चढउताराचा धडा इतकाच की आजचा स्वस्त दर हा उद्याचा शब्द नव्हे. पॉलिसी एका वर्षाची असते, दुकान मात्र तीन पिढ्यांचे.

पूरप्रवण पेठेत संकोच निराळ्या वाटेने होऊ शकतो. दाव्यातून आधी कापली जाणारी वजावट वाढते, तळघरातील माल वगळला जातो, पुरासाठी वेगळी कमाल मर्यादा लावली जाते. पॉलिसी हाती असते, पण तिचे छत्र आक्रसलेले असते. ते कळते पाणी ओसरल्यावर.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने तीन प्रमाणित पॉलिसी लागू केल्या. घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’, एका ठिकाणची एकूण मालमत्ता पाच कोटी रुपयांपर्यंत असल्यास ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि पाच ते पन्नास कोटींसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. तिन्हींत आगीबरोबर वादळ आणि पूर यांचाही अंतर्भाव आहे. त्यापूर्वीच्या पॉलिसीत हप्ता वाचवण्यासाठी पुराचे संरक्षण वगळण्याची सोय होती. वाचलेल्या काही हजारांपायी लाखोंचा माल उघडा पडण्याची वाट त्या सोयीतच होती.

वहीइतकीच पॉलिसीही वाचावी

चातुर्मासाआधी छप्पर पाहिले जाते, गटार साफ होते. तशीच पॉलिसीही उघडून पाहणे हिताचे. पहिली बाब विमा रकमेची. समजा, गोदामात ८० लाखांचा माल आहे आणि विमा ४० लाखांचा. पुरात ३० लाखांचे नुकसान झाले, तर पूर्ण ३० लाख मिळतील असे नाही. माल निम्म्या किमतीलाच विमाकृत असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे १५ लाख धरली जाते. सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची अशी तूट सोडून दिली जाते, त्यापुढची नाही. हंगामानुसार साठा वरखाली होणाऱ्यांसाठी घोषणापत्रावर आधारित पॉलिसी असते. एकाहून अधिक गोदामांत फिरणाऱ्या मालासाठी ‘फ्लोटर’ पॉलिसी असते.

दुसरी बाब अडत्यांची. शेतकऱ्याचा किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याचा माल अडतीवर ठेवलेला असेल आणि पॉलिसीत त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो माल संरक्षणाबाहेर राहू शकतो. हळद, गूळ, बेदाणा यांच्या पेढ्यांत पैशाइतकीच पत जपायची असते; दुसऱ्याच्या ठेवीचा विमा हा त्या पतीचाच भाग आहे.

तिसरी बाब बँकेची. कर्ज देताना बँक विमा उतरवते, पण तो कर्जाच्या रकमेपुरता असू शकतो, आणि भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो. व्यापाऱ्याचे स्वतःचे भांडवल त्यात कितपत सामावले आहे, हे त्यानेच तपासायचे असते. दुकान बंद राहिल्याने बुडणारा नफा सामान्य पॉलिसीत येत नाही. त्यासाठी वेगळा विमा लागतो.

आणि शेवटी हिशेबाची कागदपत्रे. पुरात मालाबरोबर वह्याही भिजतात आणि मग किती माल होता हे सिद्ध करणे अवघड होते. साठ्याच्या नोंदी, खरेदीची बिले आणि कराची विवरणपत्रे यांची प्रत इंटरनेटवर अथवा परगावच्या नातलगाकडे असावी. पाणी ओसरताच कंपनीला लेखी कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत भिजलेला माल शक्यतो फेकू नये. दुर्गंधी आणि रोगराईमुळे हटवणे भाग पडले तर पंचनामा करून घ्यावा. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे तक्रार करून पुढे विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तेथे चालतात आणि एकल मालकीच्या पेढ्या व सूक्ष्म उद्योगांनाही ते दार खुले आहे. मुंबई व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत.

हप्ता उतरवण्याचा खरा मार्ग

विमा नुकसान वाटून घेतो. ते नाहीसे करत नाही. नुकसान वाढत राहिले तर हप्ता वाढणार, आणि अखेर तो परवडेनासा होणार. म्हणून हप्ता आवाक्यात ठेवण्याचा टिकाऊ मार्ग एकच: नुकसानच कमी करणे. जोते उंच घेणे, मौल्यवान माल वरच्या मजल्यावर ठेवणे, विजेचे फलक जमिनीपासून वर बसवणे आणि दुसरे गोदाम पुराच्या टप्प्याबाहेर घेणे ही कामे पेढीच्या हातची आहेत. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नवी जागा घेताना चौकातील भाव आणि रस्त्याची रुंदी पाहण्याआधी या रेषा पाहिल्या पाहिजेत.

काही कामे मात्र साऱ्या पेठेने मिळूनच करायची आहेत. बुजवलेला ओढा एकट्या दुकानदाराला मोकळा करता येत नाही. व्यापारी संघाला त्याचा पाठपुरावा करता येतो. नागालँड राज्याने २०२४ मध्ये पर्जन्यमानावर आधारित विमा घेतला. ठरावीक मर्यादेपलीकडे पाऊस झाला की नुकसानीचा एकेक दावा न तपासता रक्कम मिळते, अशी ती रचना आहे. पेठेच्या पातळीवरही असा सामूहिक विचार व्हायला हरकत नाही.

हरिपूरच्या जुन्या व्यापाऱ्यांनी माती ओळखली होती, म्हणून पेवे टिकली; नदी बदलली तेव्हा ती बुडाली. आजच्या पेढीला माती, नदी आणि पॉलिसी या तिन्ही गोष्टी ओळखाव्या लागतील. दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा गेल्या वर्षाचा जमाखर्च मिटतो. मृगाचा पाऊस येण्याआधी पॉलिसीचे एकेक कलम वाचून घेतले, तर पुढच्या दिवाळीला नवी वही उघडण्याची शाश्वती वाढते.