सत्तर किलोंचे आठ लाख

किलोला 11,400 रुपये. काजूगराचा नव्हे, मोटरसायकलचा भाव सांगतोय. युरोपात ट्रायल्स खेळायची चांगली तीनशे सीसीची गाडी आठ हजार युरोंच्या आसपास पडते. युरो शंभराचा धरला की झाले आठ लाख. आणि वजन? सत्तर किलो! काही मॉडेलं तर त्याहूनही दोन-तीन किलो हलकी. भागाकार करून बघा.

आता तिच्या शेजारी आपली स्प्लेंडर उभी करा. 112 किलो, किंमत पाऊण लाखाच्या घरात. म्हणजे किलोला 670 रुपये. सतरापट फरक! ट्रायल्सच्या भावाने स्प्लेंडर विकली, तर पावणेतेरा लाखांना पडेल. आठशे किलोची घरची छोटी मोटार 91 लाखांना. आणि हात सैल सोडायचा ठरवला, तर आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएपी-7 हे विजेवरचं इंजिन घ्या. 123 टन. ट्रायल्सच्या तराजूत त्याची किंमत 140 कोटी रुपये! रेल्वेमंत्र्यांना घाम फुटेल.

बरं, एवढे पैसे मोजून मिळतं काय? सीट नाही. आरसे नाहीत. बऱ्याच गाड्यांत बॅटरी नाही, सेल्फ-स्टार्ट नाही, किक मारायची. पेट्रोलची टाकी दोन-अडीच लिटरची, म्हणजे दुधाच्या मोठ्या दोन पिशव्या रिकाम्या केल्या की भरली. इटलीच्या बीटा कंपनीने एव्हो मॉडेलात वेगळी टाकीच ठेवली नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम आतून पोकळ, पेट्रोल तिच्यातच. आपण मात्र इथे शोरूममध्ये ‘ॲक्सेसरीज काय काय देणार?’ म्हणून तासभर घासाघीस करतो. तिथे गिऱ्हाईक काहीही न मिळण्याचे आठ लाख हसत मोजतं.

कारण खेळच तसा आहे. ट्रायल्समध्ये वेगाला काडीची किंमत नाही. दगडधोंडे, ओढे, निसरड्या कातळाच्या भिंती यांतून आखलेला एक तुकडा, त्याला सेक्शन म्हणतात, पाय न टेकवता पार करायचा. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तरी तीनच. पडलात किंवा अडकलात की पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. जागतिक स्पर्धेत एका सेक्शनला साठ सेकंद मिळतात. साठ सेकंदांत माणूस गाडीसकट भिंत चढतो, वर उभा राहून श्वास घेतो, मागच्या चाकावर टुणकन बाजूला उडी मारतो आणि उतरतो. इथे एक किलो जास्त म्हणजे प्रत्येक उडीला एक किलो जास्त उचलायचं. म्हणून मग महागड्या मॉडेलांत इंजिनाची झाकणं मॅग्नेशियमची येतात, बोल्ट टायटॅनियमचे. मॅग्नेशियमचं वजन ॲल्युमिनियमच्या दोन तृतीयांश, टायटॅनियमचं पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त. ग्रॅमला अकरा रुपये कुठे जातात, ते असं बोल्टाबोल्टाने कळत जातं.

आता इंजिनात डोकावू, खरी गंमत तिथे आहे. गॅसगॅस कंपनीच्या गाडीचं ‘तीनशे’चं इंजिन प्रत्यक्षात 294 सीसीचं. सिलिंडरचा व्यास 79 मिलिमीटर, स्ट्रोक 60. पिस्टन साठ मिलिमीटर वर जातो, साठ खाली येतो. एका फेऱ्यात बारा सेंटिमीटर. मिनिटाला सहा हजार फेरे धरा. झाले 720 मीटर. तासाला 43 किलोमीटर! कोणी असं सलग चालवत नाही म्हणा, पण हिशोबाला कोण अडवतंय? साडेतीन तासांत पिस्टन 150 किलोमीटर चालला. दादरहून निघाला आणि स्वारगेटला पोचला. तेही चार बोटं उंचीच्या जागेतून बाहेर न पडता, ना एक्स्प्रेस-वेचा टोल भरता, ना लोणावळ्याला चिक्की घेता.

आणि हा प्रवास सरळही नाही. दर फेऱ्याला दोनदा पूर्ण थांबायचं आणि उलटं वळायचं. मिनिटाला बारा हजार वेळा. वरच्या टोकाला वळताना पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजारपट ओढ बसते. पिस्टनचा शंभर ग्रॅमचा तुकडा त्या क्षणी दीडशे किलोंचा होतो! टूस्ट्रोक असल्यामुळे दर फेऱ्याला एक स्फोट, सेकंदाला शंभर. हे सगळं चालू असताना पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या जेमतेम पाच शतांश. डोक्यावरचा केस त्या फटीत घालायला गेलात तर अडकेल.

बाहेरचे हाल याहून वाईट. सत्तर किलोंची गाडी, सत्तर किलोंचा माणूस. दोघांनी मिळून दीड मीटर उंचीच्या कातळावरून खाली उडी टाकली. सस्पेन्शन दबायला जागा साधारण 17 सेंटिमीटर. स्वाराने गुडघ्यांनी काहीच झेललं नाही असं समजा. एकशेचाळीस किलोंना तेवढ्या जागेत थांबवायला सरासरी पावणेचौदाशे किलोंचा जोर लागतो. कांद्याच्या पन्नास किलोंच्या सत्तावीस गोण्या! लासलगावच्या बाजारात एवढा माल पिकअपमध्ये भरला तर पाटे कुरकुरायला लागतात. इथे तो भार दोन बारीक फोर्कच्या आणि मागच्या एकुलत्या शॉकच्या अंगावर. टायरमध्ये हवा किती? मागच्या चाकात चार-पाच पीएसआय. स्प्लेंडरच्या मागच्या चाकात तीसच्या आसपास भरतात. आपल्याकडे चार पीएसआयचं टायर दिसलं की लोक ‘पंक्चर झालंय’ म्हणून हाक मारतात. या पंक्चर दिसणाऱ्या टायरची किंमत दहा-बारा हजार.

तर मग ही गाडी टिकते का? टिकते. कशी टिकते, याचा माझा आवडता दाखला माँटेसाची कोटा फोर-आरटी. माँटेसा ही बार्सिलोनाची 1945 पासूनची कंपनी, आता होंडाची. तिने 2004 मध्ये ही फोरस्ट्रोक गाडी आणली. फ्युएल इंजेक्शन आहे, पण बॅटरी नाही! किक मारायची. त्या एका किकेत जी वीज तयार होईल तिच्यावर पेट्रोलचा पंप जागा झाला पाहिजे, इंजेक्शनच्या संगणकाने डोळे उघडले पाहिजेत, ठिणगी पडली पाहिजे. हे सगळं पाय खाली येईपर्यंत. तेच मूळ इंजिन पुढची वीस वर्षं चाललं. टूस्ट्रोकवाले तिला जड म्हणून नाक मुरडतात. काही किलो जड आहेच ती. पण माझे पैसे असते तर मी तीच घेतली असती.

दगा देतं ते भलतंच. मागच्या शॉकच्या लिंकेजमध्ये आणि स्विंगआर्ममध्ये बेअरिंगं असतात. ओढ्यातून गेलं की तिथे पाणी शिरतं. कारखान्यातून कधीकधी ग्रीस इतकं बेताचं आलेलं असतं की जाणते लोक कोरी करकरीत गाडी घरी आणून आधी खोलतात, बोटाने ग्रीस थापतात आणि मगच किक मारतात. आठ लाखांची गाडी, आणि तिचा जीव शंभर-दोनशे रुपयांच्या ग्रीसच्या डबीत! बाकी एअर फिल्टर प्रत्येक खेळानंतर धुवायचा आणि तेल वेळेवर बदलायचं. गिअरबॉक्सचं तेल गॅसगॅसला 350 मिलिलिटर लागतं, दोन कप चहाइतकं. सर्व्हिसिंग किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. वेगच नाही, तर किलोमीटर कशाचे मोजणार?

किलोमीटर मोजायचेच असतील तर स्कॉटलंडला चला. फोर्ट विल्यम. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल, 1909 पासूनची, महायुद्धं, करोना अशी मोजकी खंडाची वर्षं सोडली तर दरवर्षीची. सोमवारी निघायचं, शनिवारी संपवायचं. रोज तीस सेक्शन, सहा दिवसांत 180. मधला प्रवास दलदलीतून आणि डोंगरवाटांनी, सगळा मिळून पाचेकशे मैल. म्हणजे आठशे किलोमीटर. सीएसएमटीहून नागपूर रेल्वेने जवळपास एवढंच आहे. आणि सीट नाही हे विसरू नका. मुंबई ते नागपूर, उभ्याने! जनरल डब्यातला प्रवासीसुद्धा वर्ध्याआधी कुठेतरी टेकतो.

ज्या गाडीवर सोमवारी निघालात, तिच्यावरच शनिवारी परत यायचं. रात्री गाड्या कुंपणाआड बंद. आता पावणेतीनशे स्वार धरा आणि गुणाकार करा. 49,500 वेळा कोणीतरी सेक्शनमध्ये शिरलं. 2,20,000 किलोमीटर झाले. पृथ्वीला साडेपाच प्रदक्षिणा! मुंबई–पुणे मोजायचं तर 1,466 फेऱ्या, आणि हे सगळं सहा दिवसांत. सगळ्या गाड्या नव्या धरल्या, तर कुंपणाआड रात्रभर पावसात भिजत उभे आहेत 22 कोटी रुपये. त्यांचं एकूण वजन सव्वाएकोणीस टन. रेल्वेच्या एका रिकाम्या डब्याच्या निम्म्याच्या आसपास! वजनाच्या हिशोबाने अख्खी स्पर्धा एका डब्यात मावेल आणि वर मोटरमनला जाणवणारही नाही.

माणसांचे आकडेही काही कमी नाहीत. टोनी बू हा कॅटलन गडी. 2007 मध्ये तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. मैदानी स्पर्धेतही आणि बंदिस्त सभागृहातल्या स्पर्धेतही. त्याच वर्षी धोनीने जोहान्सबर्गला ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक उचलला. मग तो चषक आपल्याकडे परत यायला रोहित शर्माला 2024 उजाडलं. दरम्यान बूने काय केलं? दरवर्षी दोन्ही किताब जिंकले. दरवर्षी! अठरा वर्षं, छत्तीस जागतिक किताब, सगळे माँटेसावर. त्याच्या गाड्या कारखान्यात खास बांधलेल्या, हे खरं. पण मुंबई इंडियन्सलाही पैसा काही कमी पडत नव्हता आणि तरी त्या काळात त्यांचे आयपीएलचे चषक झाले पाच.

आता शेवटचा आकडा, आणि हा ऐकताना खुर्ची धरून बसा. सप्टेंबर 2016, आइल ऑफ मॅन. इंग्लंडचा डगी लॅम्पकिन, एकेकाळचा जगज्जेता. गाडी व्हर्टिगो, ट्रायल्सचीच, या कामासाठी थोडी जुळवून घेतलेली. त्याने टीटी शर्यतीच्या रस्त्यावर पुढचं चाक उचललं आणि पूर्ण फेरी मारली. पूर्ण फेरी म्हणजे 37.73 मैल. 60.7 किलोमीटर! सीएसएमटीवर पुढचं चाक उचललं ते भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर सगळी मागे टाकून थेट अंबरनाथला खाली ठेवलं असं समजा. वाटेत वळणं आणि समुद्राकाठावरून चारशे मीटरच्या वर चढणारा डोंगर. वर वारा होताच. वेळ एक तास पस्तीस मिनिटं, आपली स्लो लोकलही अंबरनाथला साधारण तेवढाच वेळ घेते. लोकलला निदान सगळी चाकं रुळावर लागतात! लॅम्पकिनचं मागचं चाक त्या संध्याकाळी एकोणतीस हजारांहून जास्त वेळा फिरलं. पुढचं चाक जमिनीवर किती वेळा फिरलं? शून्य.