रुसलेली जीप

पहाटेचे साडेचार वाजले असतील. दारावर थापा पडल्या आणि पाठोपाठ शेजारच्या काकूंचा आवाज, "वहिनी, उठा हो! सुनेला कळा सुरू झाल्यात. भाऊंना गाडी काढायला सांगा."

जानेवारीचा महिना. आमचं गाव निफाड तालुक्यातलं. इथली थंडी काय असते ते द्राक्षबागायतदाराच्या घरात विचारावं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर उतरला, ही बातमी आम्हाला नवीन नाही. अशा रात्री मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. त्या दिवशीही बागांवर धूर साचला होता.

रुग्णवाहिकेला फोन झाला होता. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, यायला तास तरी लागणार होता. आणि सुनेची ही दुसरी खेप. दुसऱ्या खेपेला बाळ फार वाट बघत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको!

ह्यांनी घाईघाईने चावी फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... मागच्या नळीतून पांढरा धूर, बस्स. पुन्हा चावी, पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या वेळी आवाज मरगळला आणि शेवटी नुसतंच 'टक्'. बॅटरी बसली. मागच्या सीटवर ती पोर माझा हात घट्ट धरून कण्हत होती. एक जण बागेतून घमेलंभर निखारे घेऊन आला आणि इंजिनाखाली सरकवले. मलाही तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं, खोटं कशाला सांगू!

शेवटी समोरच्या घरचा ट्रॅक्टर आणला, त्याच्या बॅटरीवरून जाड तारा जोडल्या, तेव्हा कुठे आमची जीप खोकत, ठसकत सुरू झाली. यात पाऊण तास गेला. दवाखान्यात पोचलो आणि पंधरा-वीस मिनिटांत मुलगी झाली. दोघी सुखरूप. पण तो पाऊण तास काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. बचत गटाच्या कामामुळे रात्री-अपरात्री आमच्याच दारात माणसं येतात. पुढच्या वेळी काय?

दोन दिवसांनी भाच्याला सोबत घेऊन मीच गॅरेजात गेले. गॅरेजवाले चाचा तीस-पस्तीस वर्षं डिझेल गाड्या दुरुस्त करताहेत. गंमत अशी की प्रश्न मी विचारत होते आणि चाचा उत्तरं भाच्याकडे बघून देत होते! तो बिचारा मोबाइलमध्ये. दहा मिनिटांनी मी स्टूल ओढून समोरच बसले, तेव्हा म्हणाले, "बरं ताई, तुम्हीच सांगा. धूर कोणत्या रंगाचा होता?"

"पांढरा. आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास होता."

चाचा खूश झाले. म्हणाले, निम्मं काम तुम्हीच केलंत. स्टार्टर फिरतोय आणि पांढरा धूर निघतोय, म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. धूर अजिबातच नसता, तर डिझेलच पोचत नाही असं समजायचं. मग फिल्टर तुंबलाय का, त्यात पाणी साचलंय का, नळीत हवा शिरलीय का, ते बघायचं. रात्रभर उभ्या गाडीत कुठूनतरी हवा आत शिरते, डिझेल टाकीकडे मागे उतरतं आणि सकाळी बोंब होते.

मला वाटलं होतं, थंडीने डिझेलच गोठलं असेल. त्यावर चाचा हसले. तशी थंडी लडाखात. तिथल्यासाठी तर २०१९ साली इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलं. आपल्याकडे हिवाळ्यात येणारं डिझेल निफाडच्या थंडीत सहसा वाहतं राहतं. दुखणं दुसरीकडे होतं.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी टाकणारा प्लग असतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही! इंजिन हवा इतकी दाबतं, साधारण सतरा-अठरा ते बावीस पटींपर्यंत, की ती दाबानेच तापते आणि तिच्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना, तोच प्रकार. पण इंजिनाचं लोखंड गारठलेलं असेल तर ती ऊब तेच शोषून घेतं. तवा पुरता तापायच्या आत भाकरी टाकली तर काय होतं, ते आपल्याला माहीतच आहे. म्हणून आमच्या जीपसारख्या जुन्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक छोटा हीटर दिलेला असतो. ग्लो प्लग म्हणतात त्याला; गॅरेजात सगळे 'हीटर'च म्हणतात. चावी अर्धी फिरवली की समोर पिवळा, स्प्रिंगच्या आकाराचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग स्टार्टर मारायचा. आमचे हे? चावी घातली की एका झटक्यात फिरवणार! स्कूटरची सवय.

चाचांनी हीटरना जोडणारी पट्टी सोडवली. एका छोट्या बल्बची एक तार बॅटरीच्या प्लसला जोडली आणि दुसरी एकेका हीटरच्या टोकाला लावली. पहिल्याला बल्ब लागला. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला लागला, चौथ्याला नाही. चारातले दोन मेलेले!

"पण चाचा, दिवा तर रोज लागतो आणि विझतो."

"दिव्याला काय कळतंय ताई? तो आपला वेळ मोजतो. हीटर जिवंत की मेला, ते तो सांगत नाही."

मला हे अगदी नवीन होतं. निदान आमच्या जीपमध्ये तरी तो दिवा म्हणजे नुसतं घड्याळ. उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन हीटरवर भागत होतं, म्हणून वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. थंडीने ते उघडं पाडलं.

बॅटरीचीही कहाणी तशीच. थंडीत तिचा जोर कमी होतो आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, कारण आतलं ऑइल दाट झालेलं असतं. हिवाळ्यात खोबरेलाची बाटली आपण उन्हात ठेवतो. ऑइल तसं थिजत नाही, पण जड होतं. ऑइलच्या डब्यावर '१५ डब्ल्यू ४०' असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीसाठीचा; तो जेवढा लहान, तेवढं ते थंडीत सहज वाहतं. मात्र गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेच घालायचं. आमच्या बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. तारा काढून खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती मी स्वतः घासली, जुन्या दात घासायच्या ब्रशने. हे काम आपल्याला सहज जमतं. फक्त तारा काढताना आधी मायनसची काढायची, लावताना ती शेवटी, आणि हात नंतर नीट धुवायचे.

निखाऱ्यांचं सांगितलं तेव्हा मात्र चाचा भडकले. जुन्या गाडीच्या नळ्यांतून डिझेल पाझरतं, तारांचं प्लास्टिक वितळतं, आणि आत बाळंतीण बसलेली! मी मान खाली घातली. दुसरी तंबी त्यांनी स्प्रेची दिली. दुकानात मिळतो म्हणून काही ड्रायव्हर इंजिनात स्टार्टिंगचा स्प्रे मारतात. हीटर असलेल्या इंजिनात तो भलत्याच वेळी भडकतो आणि पिस्टन फुटायची वेळ येते. स्टार्टरही एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही. अर्धा मिनिट थांबायचं, हीटरचा दिवा पुन्हा लावायचा, मग पुन्हा प्रयत्न. त्या पहाटे आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

चारही हीटर एकदमच बदलले, कारण दोन गेले की उरलेले फार दिवस काढत नाहीत. खर्च एका बऱ्यापैकी साडीएवढा आला. नव्या गाड्यांत हे सगळं कॉम्प्युटर बघतो, दिवा क्षणभरच दिसतो, असं भाच्याने घरी येताना सांगितलं. म्हणजे कान आमच्याकडे होते तर!

आता थंडी पडली की आठवड्यातून एकदा पहाटे हे गाडी सुरू करून बघतात. शेजारच्या सीटवर मी असते. चावी अर्धी फिरली की मी त्यांच्या मनगटावर हात ठेवते आणि दिवा विझला की काढते. पहिल्यांदा चिडले होते, आता स्वतःच थांबतात.

जुने चारही हीटर चाचांकडून मी मागून आणले. बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांना हातात घेऊन बघू दिले. पेन्सिलीएवढा बारीक आणि बोटभर लांब. काकू सुनेला आणि नातीला घेऊन आल्या होत्या. जळका हीटर उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "अगं बाई, एवढासाच?"