घरातली मंडळी: सुरुवात साधी ठेवा 🙏

इमारत नाही म्हणून मंडळी अडत नाही. पहिल्या शतकात विश्वासणारे घरातच जमत: रोममध्ये प्रिस्का आणि अक्विला या तंबू करणाऱ्या जोडप्याकडे, कलस्सैत फिलेमोनाकडे. सीरियात युफ्रेटिसकाठी दुरा-युरोपोस इथे असं एक घर उत्खननात सापडलंय. इ. स. 240 च्या सुमारास मधली भिंत पाडून दोन खोल्यांची सभेसाठी एक खोली केलेली. छोट्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, वर भिंतीवर उत्तम मेंढपाळाचं चित्र.

प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये चारच गोष्टी आहेत: शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. त्या घरी अशा करता येतात:

🔹 दोन-तीन कुटुंबं, ठरलेला वार, ठरलेली वेळ.
🔹 शुभवर्तमानातला लहानसा उतारा. मुलांसकट सगळ्यांनी वाचावा, त्यावर बोलावं.
🔹 रेव्ह. ना. वा. टिळकांचं एखादं भजन. पेटी नसली तरी टाळ्या पुरतात.
🔹 एकत्र जेवण, प्रत्येक घरातून एक पदार्थ.
🔹 आजारी, अडचणीतल्या माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना आणि आठवडाभर त्याची विचारपूस.

दानाचा हिशेब सर्वांसमोर मांडा. अनुभवी पाळकांचा सल्ला घेत राहा.

या रविवारी एका कुटुंबाला जेवायला बोलवा आणि सुरुवात करा!